तेहतिसाव्या भागापासूनचं वाकणं

स्टुडिओच्या मागच्या फाटकासमोर चिगुसाचं जेवणाच्या डब्यांचं दुकान आहे. सकाळी साडेदहाला दारावर निळा पडदा टांगला गेला की समजावं, भात झाला. तीस वर्षं एकाच कोपऱ्यावर दुकान चालवणाऱ्या बाईबद्दल आख्ख्या ओइझुमी वस्तीला सगळं ठाऊक असतं, तसं हिच्याबद्दलही होतं. वय सदुसष्ट. नवरा, मागारा तेत्सुजी, दोन वर्षांपूर्वी गेला. मूलबाळ नाही. गुडघे कुरकुरतात. तळलेल्या कोंबडीवर कुणी जास्तीचा सॉस मागितला की कपाळाला आठ्या घालते. आणि नवरा कोण, तर 'लाल त्सुबामे'च्या आतला माणूस. एवढं समजलं की लोकांना वाटे, बाई समजली. कसली समजतेय डोंबलाची!

त्सुबामे म्हणजे पाकोळी. चाळीस वर्षांपूर्वी दर रविवारी सकाळी लाल पोशाखातला, चोचीच्या मुखवट्याचा हा वीर टीव्हीवर यायचा आणि अर्ध्या तासात एक राक्षस लोळवून जायचा. मुखवटा चढायच्या आधी एक देखणा नट असायचा, त्याचं नाव मोठ्या अक्षरांत. मुखवटा चढला की आत दुसराच माणूस. उड्या त्याच्या, मार त्याचा, घाम त्याचा, आणि नाव कुठेच नाही. पोरांना कळता कामा नये, हा त्या धंद्याचा पहिला नियम. मुलांसमोर मुखवटा काढायचा नाही, आत जीव गुदमरला तरी बेहत्तर.

पुढे ती पोरं बाप्ये झाली, टकली झाली, आणि आपल्या लाडक्या त्सुबामेच्या आत कोण होतं ते शोधायला लागली. शोधता शोधता त्यांना तेत्सुजी सापडला. झालं! मग वर्षाला एक मेळावा, सह्या, फोटो, भाषणं. आणि सगळ्यांचा जीव एकाच गोष्टीवर, ती म्हणजे त्सुबामेचं वाकणं.

ते असं. शेवटचा तडाखा बसून राक्षस पडला की त्सुबामे तलवार खाली करतो, अर्धं पाऊल मागे सरकतो आणि पडलेल्या शत्रूपुढे किंचित वाकतो. आधी मान, मग कंबर, आणि उठताना एकदा डावीकडे बघतो. दोन सेकंदांचा मामला. पहिल्या बत्तीस भागांत हे नाही, तेहतिसाव्यापासून आहे. का? यावर पन्नाशीच्या माणसांनी पोटतिडकीनं पानंच्या पानं लिहिली आहेत. कुणी म्हणे, बत्तिसाव्या भागात त्याचा गुरू मरतो, तेव्हापासून त्याला मरणाचं मोल कळलं. कुणी म्हणे, ही जुन्या योद्ध्यांची रीत. हमरीतुमरीवर यायचे लोक. खरी गोष्ट ठाऊक असलेली जुनी माणसं एकेक करून गेली होती, उरली होती दोघंच, आणि त्यातला एक आता फोटोत जाऊन बसला होता.

खरी गोष्ट अशी, की बत्तिसाव्या भागाच्या वेळी दगडखाणीत उडी मारताना तेत्सुजी घसरला आणि त्याचा घोटा मोडला. पुढचं चित्रीकरण तीन दिवसांवर. पोशाख त्याच्या मापाचा, आणि त्या मापाचं दुसरं माणूस उड्या-मारामाऱ्या करणाऱ्यांच्या सगळ्या पथकात एकच, त्याची सत्तावीस वर्षांची बायको. तीही त्याच पथकात होती, नायिकेच्या बदली खिडक्यांतून पडायची, जिन्यावरून गडगडायची. पथकप्रमुखांनी तिला बाजूला घेतलं. "छाती आवळून बांध, चाल पुरुषी ठेव, आणि तोंड बंद. खेळणीवाल्यांना, मासिकवाल्यांना, कुणाला कळलं तर मालिका बुडाली म्हणून समज."

पहिल्याच दिवशी तिच्याकडून चूक झाली. पथकाची शिस्त अशी होती, की आपल्यापेक्षा मोठ्या माणसाला मारलं तर दृश्य संपल्याबरोबर त्याच्यापुढे वाकायचं आणि विचारायचं, "लागलं का?" धाकट्यांनी तर विचारायचंच. त्या दिवशी राक्षसाच्या आत पथकातले सगळ्यांत ज्येष्ठ ओनोदेरा होते. चिगुसानं तडाखा मारला, ते धाडकन पडले, आणि दिग्दर्शक 'कट' म्हणायच्या आत हिची मान वाकली. नऊ वर्षांची सवय ती, अशी थोडीच सुटते! "लागलं का हो?" तिनं मुखवट्याच्या आतून विचारलंसुद्धा. त्या काळी आवाज मागाहून भरायचे, म्हणून आतलं बोलणं कुठे उमटलं नाही. मुखवट्याला बोटभर फटी, समोरचं धड दिसायचं नाही, म्हणून ओनोदेरा उठतायत का हे बघायला तिला मान डावीकडे वळवावी लागली. मग लक्षात आलं, कॅमेरा चालूच आहे. आता खरडपट्टी निघणार म्हणून ती अंग चोरून उभी राहिली. दिग्दर्शक म्हणाले, "हे राहू दे. दर वेळी कर."

तर असं ते जुन्या योद्ध्यांचं वाकणं.

शेवटच्या, अठ्ठेचाळिसाव्या भागापर्यंत तेत्सुजीचं प्लास्टर निघालं होतं, पण उडी मारता येत नव्हती. मग त्याला राक्षसांच्या राजाच्या जड पोशाखात उभं केलं, नुसतं उभं राहायचं आणि पडायचं. चिगुसानं नवऱ्याला तडाखा मारला, तो पडला, ती वाकली. "अहो, लागलं का?" राक्षसाच्या पोटातून आवाज आला, "नाही गं. पण उरक लवकर, भूक लागलीय." तिला हसू आलं, आणि त्याच दमात रडूही, कारण हा पोशाख पुन्हा आपल्या अंगावर चढायचा नाही हे तिला कळत होतं. म्हणून ती जरा जास्तच वेळ वाकलेली राहिली. त्या लांबलेल्या वाकण्यावर आजही माणसं डोळे पुसतात.

मालिका संपल्यावर ती पथकप्रमुखांकडे गेली, म्हणाली, पुढच्या मालिकेतही आत जाईन. ते म्हणाले, "तुझा नवरा बरा झाला ना आता?" विषय संपला.

आणि मेळाव्यांचं म्हणाल, तर पहिल्या मेळाव्याहून तेत्सुजी घरी आला तो मिठाईचा खोका मांडीवर घेऊन, बूट न काढता, दारातच बसून राहिला. "अगं, मला सांगता आलं नाही. सगळे शेवटच्या भागाबद्दलच बोलत होते. एक जण तर माझा हात धरून रडला."

"मग बिघडलं काय?" चिगुसा म्हणाली. "मला काय करायचंय ते नाव घेऊन? मिठाई कसली आणलीत ते सांगा."

हे तिनं आपलं हलक्यानं म्हटलं, त्याचं तोंड उतरलेलं बघवेना म्हणून. पण एकदा म्हटलेलं मग वीस वर्षं निभावावं लागलं.

हात धरून रडणारा तो निरासावा. तातामी चटया विणण्याचा पिढीजात धंदा, हाताला कायम गवताचा वास. तोच पुढे चाहत्यांच्या मंडळाचा प्रमुख झाला. तेत्सुजीची मूत्रपिंडं गेली, तेव्हा आठवड्यातून तीनदा, दोन वर्षं, यानंच त्याला आपल्या गाडीतून डायलिसिसला नेलं आणलं. शवपेटीला खांदा दिला. रक्ताचं कुणी करणार नाही इतकं केलं त्यानं, हे चिगुसा कधी विसरली नाही.

या वसंतात त्सुबामे परत आला. नवी मालिका, नवा पोशाख, रविवार सकाळचीच वेळ. निरासावाच्या मंडळींनी महिनाभर आधीपासून दिवस मोजले. पण आताशा शेवटी आतल्या माणसाचंही नाव देतात, आणि पहिला भाग संपल्यावर पडद्यावर नाव आलं ते एबिना होतारू. बाईचं!

मग जी काही राळ उडाली, विचारू नका. मंडळाच्या इंटरनेटवरच्या पानावर लोक तुटून पडले.

"कंबर बघा, कंबर! हा त्सुबामे आहे की नाचणारी?"

"वाकते कसली, दुकानात गिऱ्हाइकाला 'या' म्हणतेय जशी!"

"ते वाकणं मर्दाचं होतं. मागारा-सान असते तर त्यांनी टीव्ही फोडला असता."

मागारा-सान म्हणजे तेत्सुजीराव. कुणी एखादा म्हणायचा, अहो, उड्या तरी चांगल्या मारते ना पोरगी. त्याला बाकीचे गप्प करायचे. चिगुसा डबे भरता भरता फोनवर हे सगळं वाचायची आणि फोन पालथा ठेवायची.

एबिना होतारू रोज दुपारी तिच्याच दुकानात जेवायची. चोवीस वर्षांची, तोत्तोरीकडची, दोन डबे एकटी संपवणारी. केस घामानं चिकटलेले, मनगटाला पट्टी. चिगुसा तिच्या भातावर खारवलेला आलुबुखार एकाऐवजी दोन ठेवायची आणि वर दटावायची, "सावकाश खा, तुझ्या मागे कुणी लागलं नाही."

"लागलेत की, काकू. आख्खा देश लागलाय," होतारू तोंडात घास घेऊनच म्हणाली. दुसऱ्या भागानंतरचा शनिवार होता तो. मग तिनं चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. "आमचे आताचे पथकप्रमुख म्हणालेत, उद्याचा तिसरा भाग बघू. लोक नाही निवळले तर माझ्या जागी दुसरा घेतील. उड्यांचं काही नाही हो, ते वाकणंच जमत नाहीये मला. तीनशे वेळा बघितलंय. मान किती, कंबर किती, सगळं मोजलंय. तरी मेलं खोटं वाटतं. मागारा-सान घरी कधी बोलले होते का, ते करताना मनात काय असायचं?"

चिगुसाच्या हातात भातवाढी होती. ओठांवर आलं होतं सगळं. पण ती म्हणाली, "मला काय ठाऊक, बाई. मी भात शिजवायचे."

दुसऱ्या दिवशी वॉर्डाच्या सभागृहात मंडळानं तिसरा भाग एकत्र बघायचा घाट घातला होता. निरासावा स्वतः गाडी घेऊन चिगुसाला न्यायला आला. पहिल्या रांगेत तिची खुर्ची, शेजारच्या खुर्चीवर तेत्सुजीचा फोटो, पुढ्यात त्याच्या आवडीचा चहा. मागे चाळीसेक माणसं, विटके लाल शर्ट पोटांवर ताणलेले. पडद्यावर होतारूनं राक्षस लोळवला, तलवार खाली केली, वाकली. मान बरोबर, कंबर बरोबर, डावीकडे बघणंही बरोबर. आणि तरी नुसतं मापाचं. सभागृहात "च्च" असा आवाज उठला आणि कुणीतरी हसलं.

निरासावानं माईक घेतला. "मंडळी, निर्माते आपलं पान वाचतात हे सगळ्यांना माहीत आहे. आज आपल्यात मागारा-काकू आहेत. काकू, तुम्ही सांगा. तुमच्या एका शब्दाला तिथे वजन आहे. हे वाकणं बाईला जमणारं आहे का? मागारा-सान काय म्हणाले असते?"

चिगुसा उभी राहिली. बोलायचं होतं तिला. 'ते बाईचंच आहे, मेल्यांनो,' एवढंच बोलायचं होतं. एवढं बोलली असती तर पोरगी वाचली असती. पण समोर निरासावा माईक पुढे करून उभा होता, आणि त्याच्या हातांकडे बघताना तिला तेच हात तेत्सुजीला गाडीत बसवताना दिसायला लागले. फोटोतला तेत्सुजी तर असा ओशाळं हसत होता, जसा मिठाईचा खोका घेऊन दारात बसला होता. याचं नाव या माणसांसमोर उतरवायचं? मेल्यावर? 

"मला यातलं काय कळतंय," ती म्हणाली. "मी आपली डबे करणारी बाई."

सगळे मायेनं हसले. ती ओशाळली, अर्धं पाऊल मागे सरली आणि सवयीनं वाकली. आधी मान, मग कंबर, आणि उठताना डावीकडे, फोटोकडे बघितलं. ते वाकणं कोळून प्यायलेली चाळीस माणसं तिच्याकडे बघत होती. त्यांनी टाळ्या वाजवल्या. एकाच्याही लक्षात आलं नाही.

संध्याकाळी निरासावानं पानावर लिहिलं, "मागारा-काकूंनी तिसरा भाग बघितला आणि त्यावर एक शब्दही बोलल्या नाहीत. समजायचं ते समजा." आणि लोक समजले.

बुधवारी होतारू आली ती पाठीवर मोठी पिशवी घेऊन. "आज एकच डबा द्या, काकू. गाडीत खाईन. गुडघा दुखावला म्हणून मला काढलंय, असं जाहीर करणार आहेत. गुडघ्याला काय धाड भरलीय माझ्या!" ती हसली, पण डोळे सुजलेले होते.

चिगुसानं दारावरचा निळा पडदा काढून आत घेतला. भर दुपारी दुकान बंद, तीस वर्षांत पहिल्यांदा. भातवाढी हातात धरून ती फळीच्या बाहेर आली, कुरकुरत्या गुडघ्यांनी अर्धं पाऊल मागे सरली आणि वाकली. मग होतारूकडे तोंड करून म्हणाली, "मनात काही नसतं गं. समोर पडलाय तो आपल्यातलाच माणूस आहे, आणि त्याला आपण मारलंय. त्याला विचारायचं, लागलं का? आणि खरंच विचारायचं. मी तरी विचारत होते. तेहतिसाव्यापासून शेवटपर्यंत आत मीच होते."

 होतारूला पटायला काही लागलं नाही. आत गेलेल्या माणसाला आत गेलेलं माणूस ओळखू येतं.

"काकू," ती म्हणाली, "रविवारी का नाही सांगितलंत?"

चिगुसाकडे कारणं होती. निरासावाचे उपकार, नवऱ्याची लाज, जुन्या पथकप्रमुखांना दिलेला शब्द. पण या पोरीच्या तोंडावर टाकावं असं त्यात एकही नव्हतं.  होतारू चिडली नाही, आदळआपट केली नाही. तिनं डबा पिशवीत नीट ठेवला, पिशवी पाठीला लावली आणि दारात वळून वाकली. आधी मान, मग कंबर, उठताना डावीकडे. आता ते अगदी बरोबर आलं होतं. बघायला कॅमेरा नव्हता.

त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी पाचव्या भागात नवा माणूस आला, उंचापुरा, खांदेवाला. त्यानं राक्षस लोळवला, तलवार खाली केली, आणि वाकला. चिगुसा हातातली वाटी धरून टीव्हीकडे बघत राहिली. ते तिचंच वाकणं होतं, खरंखुरं, आत प्रश्न असलेलं. तेवढ्यात फोन वाजला. होतारूचा निरोप होता. "काकू, त्या दिवशी गाडी पकडायच्या आधी परत स्टुडिओत गेले आणि नव्या मुलाला शिकवून आले. 'लागलं का?' या वाक्यासकट. आजच्या भागात बघा."

मंडळाच्या पानावर दिवाळी झाली होती. "याला म्हणतात वाकणं!" "मागारा-सान परत आले!" "मर्दाचं काम मर्दालाच जमतं, आम्ही सांगत होतो!" आणि अकराच्या सुमारास निरासावा स्वतःच धावत दुकानात आला, डोळ्यांत पाणी, हातात मिठाईचा खोका. "काकू, बघितलंत? बघितलंत ना? हुबेहूब!"

"बस," चिगुसा म्हणाली. तो बसला. "निरासावा, ती मी होते. तेहतिसाव्यापासून अठ्ठेचाळिसाव्यापर्यंत."

तो हसला. म्हातारं माणूस काहीबाही बोलतं, त्यावर हसतात तसं. पण त्सुबामेबद्दल या माणसाला जितकं ठाऊक होतं तितकं जगात कुणाला नव्हतं, तेच त्याला नडलं. घोटा केव्हा मोडला, वाकणं केव्हा सुरू झालं, उड्या कुठल्या भागापासून हलक्या वाटतात, सगळं त्याच्याच वहीत होतं. त्याचं हसू हळूहळू विरलं.

"शेवटच्या भागातसुद्धा?" त्यानं विचारलं.

"शेवटच्या भागात तुझे मागारा-सान राक्षसाच्या आत होते. भूक लागलीय म्हणाले."

निरासावा खोक्याची दोरी बोटाला गुंडाळत बसला. पन्नाशीचा माणूस, पण चेहरा नऊ वर्षांच्या पोराचा झाला होता, कुणीतरी त्याच्यासमोर मुखवटा काढला असावा तसा. "काकू, हे बाकीच्यांना नका सांगू," तो पुटपुटला. "मी तुमच्या पाया पडतो. मागारा-सान... लोक त्यांना काय म्हणतील?"

"मला नाव नकोच आहे रे. त्या पोरीला परत आणता येईल का, तेवढं सांग."

 नव्या मुलाशी करार झाले होते, हे दोघांनाही माहीत होतं. त्यानं विचारलं, "काकू, इतकी वर्षं आम्ही त्यांना डोक्यावर घेऊन नाचत होतो. तुम्हाला कधी वाईट नाही वाटलं?"

"लागलं होतं रे," चिगुसा म्हणाली.  "फार लागलं होतं. पण मला कुणी विचारलं नाही. ते जाऊ दे. त्या पोरीला मारलं तेव्हा मी तिथेच उभी होते, आणि मीही विचारलं नाही."

आत भाताच्या भांड्याचं झाकण खडखडायला लागलं, तशी ती उठून गॅस बारीक करायला गेली. निरासावा खोका मांडीवर घेऊन तसाच बसून राहिला.